ओळखीची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

रोज घेतलेली गोष्ट अंगवळणी पडते, हे आपण जाणतोच. मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाला काही दिवसांनी तेवढीच मात्रा पुरेनाशी होते. आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात, त्या हेरॉइनचंही तसंच. पण हा सराव होतो म्हणजे शरीर नेमकं काय शिकतं?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले शेपर्ड सीगल आणि त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं. त्यांनी उंदरांना महिनाभर एक दिवसाआड हेरॉइन टोचलं, मात्रा हळूहळू वाढवत. मधल्या दिवशी नुसतं साखरेचं पाणी. हेरॉइन नेहमी एका खोलीत, पाणी नेहमी दुसऱ्या. मग एके दिवशी सगळ्यांना एकच मोठी मात्रा दिली. आधी कधीच हेरॉइन न मिळालेल्या उंदरांपैकी ९६ टक्के मेले. सरावलेल्यांना नेहमीच्याच खोलीत टोचलं, त्यांच्यातले ३२ टक्के. आणि तितकेच सरावलेले, पण त्या दिवशी पाण्याच्या खोलीत नेलेले? ६४ टक्के.

औषध तेच, मात्रा तीच. बदलली ती फक्त खोली.

सीगल यांचं म्हणणं असं, की शरीर जागा ओळखायला शिकतं. ती खोली दिसली, की आता हेरॉइन येणार हे त्याला कळतं आणि औषध जे करणार त्याच्या उलट तयारी ते आधीच सुरू करतं. अनोळखी खोलीत ही तयारीच होत नाही. आणि तयारी झाली पण औषध आलंच नाही, तर? तीच तयारी मग तलफ बनून छळते.

आता दुसरी बाजू. १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांना आढळलं, की मेंदूच्या काही भागांत बारीक तार बसवली तर उंदीर सौम्य वीज मिळावी म्हणून पुन्हा पुन्हा खटका दाबतो. पुढे याच युक्तीने सुख मोजता आलं. भरपूर हेरॉइन घेत राहिलेल्या उंदरांना तेवढ्याच सुखासाठी जास्त वीज लागू लागली. म्हणजे सुखाची चवच बोथट झाली. मग ते घेणं कमी करतील असं वाटेल. होतं उलटंच. सन २०००मध्ये अहमद, कूब आणि सहकारी या संशोधकांनी काही उंदरांना रोज १ तास खटका दाबून हवं तेवढं हेरॉइन घेऊ दिलं, काहींना ११ तास. १ तासवाल्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. ११ तासवाले मात्र दिवसेंदिवस वाढवत गेले, आणि पुरवठा तोडल्यावरही त्यांचं खटका दाबणं लवकर सुटलं नाही.

चव कमी, ओढ जास्त. ‘मजा येते म्हणून घेतो’ असं आपण व्यसनी माणसाबद्दल किती सहज बोलतो! त्या पिंजऱ्यातल्या मुक्या जिवाकडे पाहिलं, की ते बोलणं किती अन्यायाचं आहे ते कळतं.

पुढे सीगल यांनी हेरॉइनच्या अतिमात्रेतून वाचलेल्या १० माणसांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ७ जणांनी सांगितलं, की त्या वेळी जागा किंवा घेण्याची पद्धत नेहमीची नव्हती.

तुमच्या घरातलं कुणी उपचार घेऊन परत आलं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. गर्दपासून दूर राहिल्यावर शरीराचा सराव उतरतो, ओढ मात्र टिकून असते. अशा माणसाने एकदा जरी जुनी मात्रा घेतली, तरी ती त्याचा श्वास थांबवू शकते. तो हाक मारून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर झोपलाय म्हणून दार ओढून घेऊ नका. कुशीवर वळवा, आणि लगेच १०८ला फोन करा.