ज्यू डे स्कूलच्या चौथी-पाचवीत काय शिकवतात?

नमस्कार! अमेरिकेतल्या ज्यू डे स्कूलमध्ये गणित, विज्ञान, इंग्रजी असतंच, आणि जोडीला हिब्रू व धर्मग्रंथ. किती तास कशाला, ते शाळेगणिक बदलतं. चौथी-पाचवीत मुलं खुमाश, म्हणजे तोराहचे पाच ग्रंथ, मूळ हिब्रूतून वाचतात. खरा कस इथे लागतो.

हा शब्द बघा: 'वायोमर'. पहिलं अक्षर वाव, म्हणजे 'आणि'. मग योद, म्हणजे 'तो'. उरलं आलेफ-मेम-रेश, हा धातू: बोलणं. मूल जुळवून सांगतं, 'आणि तो बोलेल'. चुकलं! इथला वाव भविष्यकाळाचा भूतकाळ करतो: 'आणि तो म्हणाला'. 'वायेलेख' त्याहून अवघड. अर्थ 'आणि तो गेला', धातू हे-लामेद-खाफ, पण यात 'हे' गळून पडलंय. हाती दोनच अक्षरं राहतात आणि मूल अडतं. कुठल्या धातूतलं काय गळतं, हे घोटूनच घ्यावं लागतं.

मग राशी (१०४०–११०५), फ्रान्सच्या त्रुआ गावचे भाष्यकार. त्यांचं भाष्य वेगळ्याच वळणात छापतात. हे वळण त्यांच्या हातचं नव्हे. १४७५ साली इटलीत भाष्य छापलं तेव्हा ते वापरलं गेलं. देवनागरी येणारा मोडीपुढे थबकतो, तशी मुलं थबकतात. त्यात सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम अगदी सारखे दिसतात. अक्षर शब्दाच्या मधोमध असेल तर तो सामेखच.

शिक्षक विचारतात, 'राशींना इथे काय खटकलं?' सृष्टीच्या कथेत 'दुसरा दिवस', 'तिसरा दिवस' येतं, पण आरंभी 'पहिला दिवस' नाही, 'एक दिवस' आहे. राशी सांगतात: त्या दिवशी देव आपल्या जगात एकटाच होता, देवदूत दुसऱ्या दिवशी निर्माण झाले. खटका आधी मुलानं शोधावा, भाष्य मग उघडावं. उलट केलं की उत्तर पाठ होतं आणि प्रश्न कळतच नाही.

पाचवीच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मिश्नाह, म्हणजे ज्यू कायद्याचं जुनं संकलन, सुरू होते. सापडलेल्या वस्तूंचा अध्याय मुलांना फार भावतो. वर्गात खरी नाणी घ्या. बाकावर विखुरली, तर सापडणाऱ्याची. थैलीत असली, तर जाहीर करायची. आता तीन नाणी एकावर एक रचा. तीही जाहीर करायची, कारण ती कुणीतरी ठेवलीत आणि मालक ती खूण सांगू शकतो.