वेल म्हणजे विहीर

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, सतरंजी)

खिचडीची ताटं घासून झाली की गुरुवारी सातवीचा वर्ग व्हरांड्यात येतो. फळा आतच राहतो, मॅडमची खुर्चीही. पाच-पाच जणांचे गोल. प्रत्येकाच्या हातात इंग्रजी गोष्टीचं तेच पुस्तक आणि एक कार्ड.

कार्ड नीट पाहा. मागे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरचा गणपती आहे. कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहिलंय, 'शब्दशोधक'. हे कार्ड जिच्याकडे, तिने अडलेले तीन शब्द आणायचे. शेजारचा चर्चाप्रमुख. त्याने प्रश्न काढायचे, पण एका ओळीत उत्तर सापडेल असे नाहीत. तिसरी मुलगी गोष्ट थोडक्यात सांगणार, चौथा त्यातलं आपल्या गावात काय घडतं ते सांगणार, पाचवा चित्र काढणार. पुढच्या गुरुवारी कार्डं फिरतात, त्यामुळे एकच हुशार पोरगी सगळ्यांच्या वतीने बोलत बसत नाही.

शिकागोचे शिक्षणतज्ज्ञ हार्वी डॅनियल्स यांच्या 1994 च्या पुस्तकामुळे ही 'लिटरेचर सर्कल'ची पद्धत अमेरिकेतल्या वर्गांत पसरली. पुढे त्यांनीच सावध केलं, की मुलं वाटून दिलेले कागद भरतात आणि बोलणं राहून जातं. आपल्याकडे 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, पण तास बहुतेक ठिकाणी जुनाच. बाई वाक्य वाचणार, अर्थ सांगणार, मुलं प्रश्नोत्तरं उतरवून घेणार. आपसात बोलायला जागाच नाही.

इथला नियम साधा आहे. वाचायचं इंग्रजीत, भांडायचं मराठीत, शेवटी वहीत दोन वाक्यं इंग्रजीत. मराठी बोलू दिलं तर इंग्रजी येणार कसं, असं विचारणाऱ्यांनी हे पाहावं.

(दृश्य: चित्राची वही, जवळून)

विहीर. विहिरीत म्हातारा.

गोष्टीतलं वाक्य होतं, 'द ओल्ड मॅन इज वेल नाऊ.' चित्रकाराला 'वेल' म्हणजे विहीर, हे केव्हापासून पाठ.

"मग आधीच्या पानावर डॉक्टर कशाला आला?"

"पडला असंल म्हातारा."

पानं उलटतात. तिसरा मध्ये पडतो. "विहीर असती तर 'अ वेल' म्हटलं असतं. इथं 'अ' नाहीच."

मॅडम तीन पावलांवर उभ्या आहेत. गप्प.

"बराय तो! म्हातारा बराय आता."

चित्रकार खोडरबर मागतो, मग विचार बदलतो. विहिरीला शिडी काढतो.

(दृश्य: पुस्तकांची पेटी)

गोष्टी बऱ्याचशा स्टोरीवीव्हरवरच्या. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे आणि गोष्टी छापून घ्यायची मुभा आहे. चार पातळ्या असतात. सातवीची मुलं दुसऱ्या पातळीपासून सुरू करतात, म्हणून मुखपृष्ठावरच्या पातळीच्या आकड्यावर मॅडमनी कागद चिकटवलाय.

घडी बसेपर्यंतचे पहिले दोन महिने आमच्या कॅमेऱ्यात नाहीत. परीक्षेच्या गुणांत अजून फारसा फरक नाही, गुरुवारची गैरहजेरी मात्र कमी झालीये.

(दृश्य: कार्डं गोळा होतात, पिसली जातात)

चित्रकाराच्या हातात या वेळी 'शब्दशोधक' आलंय. तो ते शेजारणीला दाखवतो.