किमची आंबली? मग आता ती शिजवा!

नमस्कार मंडळी! आज विषय किमचीचा. कोरियातली ती नापा कोबी, म्हणजे लांबट चिनी कोबी, मिठात मुरवून, तिखट-लसूण-आलं चोळून आंबवलेली. नुसती तोंडी लावायला नाही, रोजच्या स्वयंपाकात कशी वापरायची ते सांगणारे. आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, नंतरही सांगेन: ताजी किमची खायची, आंबलेली किमची शिजवायची.

पण आधी माझा तो किस्सा. काचेपलीकडे आमचे रेकॉर्डिंगवाले आत्ताच हसतायत, त्यांना तो पाठ झालाय. तर २००८ चा एप्रिल. यी सो-यॉन, कोरियाची पहिली अंतराळवीर, कझाकस्तानातल्या बायकोनूरहून सोयूझ यानातून स्पेस स्टेशनला निघाली. आता कोरियन बाई जाणार म्हणजे सोबत किमची हवीच की नाही? हवीच! पण त्यासाठी सरकारी संशोधन संस्था कित्येक वर्षं आणि लाखो डॉलर खर्ची घालून बसल्या होत्या. का, तर किमची जिवंत असते हो! त्यातले बॅक्टेरिया कोबीतली साखर खाऊन आम्ल करतात, गॅस सोडतात. बरणी उघडताना फुस्स होऊन लाल पाणी ओट्यावर येतं ना, तेच तिथे वर झालं तर? ओटा नाही, खालीवर नाही, थेंब तरंगत जाऊन कुठल्या यंत्रात शिरतील काय सांगावं. शिवाय अशी धास्ती की अंतराळातल्या किरणांनी हे जंतू बदलले आणि भलतेच काही झाले तर? मग अणुऊर्जा संस्थेतल्या लोकांनी किमचीवर किरणांचा मारा करून जंतू मारले. मारणं सोपं हो, पण चव, रंग आणि तो कुरकुरीतपणा टिकवणं, तिथे खरी कसोटी लागली. आणि वास! बाकीच्या अंतराळवीरांना त्रास नको म्हणून वाससुद्धा कमी केला. ते वाचून मला आपल्या सोसायट्या आठवतात, खालच्या मजल्यावर सुके बोंबील भाजले की वरून लगेच ग्रुपवर मेसेज. अहो, ज्याच्या त्याच्या घरचा वास, खिडकी लावून घ्या आणि गप्प बसा. असो.

तर बघा, जंतू मारले म्हणजे ती किमची पुढे आंबणारच नाही. यानात ते बरोबर, पण घरच्या स्वयंपाकाला तोच आंबटपणा तर पाहिजे असतो! कोरियन घरांत म्हणून तर जुनी, चांगली मुरलेली किमची मुद्दाम राखून ठेवतात, किमचीसाठी वेगळा फ्रिजसुद्धा असतो.

त्या जुन्या किमचीचं पहिलं काम म्हणजे किमची जिगे, रस्सा. किमची चिरून आधी तेलात नीट परता, ही पायरी सोडू नका, परतल्याशिवाय तो कच्चट आंबटपणा जात नाही, मग बरणीतलं थोडं लाल पाणी आणि तांदळाचं धुवण घालून उकळा. तिकडे डुकराचं मांस घालतात, नाहीतर डब्यातला ट्यूना, तुम्ही टोफू घाला. फारच आंबट वाटला तर चिमूटभर साखर. मीठ शेवटी, चाखून, कारण किमची आधीच खारट असते.

रात्रीचा भात उरला असेल तर तशीच परतलेली किमची त्यात घाला, वरून तिळाचं तेल आणि एक हाफ फ्राय. मोकळा, गार भात घ्या, गरम भाताचा गिचका होतो.

आणि पाऊस लागला की तिकडे किमचीजॉन होतं, मैद्याच्या पिठात किमची आणि तिचं पाणी कालवून केलेलं धिरडंच म्हणा ना. तव्यावर तेल हात आखडता न घेता सोडा, कडा कुरकुरीत व्हायला हव्यात. डाएटवाल्यांनी त्या दिवशी दुसरं काहीतरी खावं.

परत सांगते, ताजी खायची, आंबलेली शिजवायची. फक्त पांढरी-हिरवी बुरशी आली, कुबट वास सुटला, तर ती बरणी सरळ फेका.

आणि शाकाहारी मंडळी, पाकिटामागचं वाचून घ्या, कारण किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. घरी करणार असाल तर त्याऐवजी सोया सॉस घाला आणि बरणी गळ्यापर्यंत भरू नका, गॅसला जागा ठेवा. चला, नमस्कार!