आत्याचा चहा आणि डोळ्यातली लेन्स

मंडळी, पाऊण तासाचं व्याख्यान अर्ध्या तासात आटपा, असं अध्यक्ष म्हणताहेत. तरी सुरुवात आत्यापासूनच करतो.

तिचा मोतीबिंदू काढला तेव्हा आपल्याकडे डोळ्यात सर्रास कृत्रिम लेन्स बसवत नसत. डोळ्यातलं धुरकट झालेलं भिंग काढायचं, टाके घालायचे, मग जन्मभर अधिक दहाच्या आसपासचा जाड चष्मा. त्यातून सगळं साधारण पाव पटीने मोठं आणि जवळ दिसतं. आत्या चहा ओतायची, तो कपाच्या अलीकडेच पडायचा. शेवटी ती डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवून ओतायला लागली. भाजून लाल झालेलं ते बोट बघूनच मी डोळ्यांचा डॉक्टर झालो.

आणि तेव्हा लेन्सचा शोध लागून किती वर्षं झाली होती! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे कण घुसत. ते प्लॅस्टिक, पर्स्पेक्स. डोळ्यांचे ब्रिटिश सर्जन हॅरल्ड रिडली यांनी पाहिलं, की हे कण डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही. मग २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स बसवली. त्या रुग्णाचा नंबर मात्र उणे १८च्या घरात गेला! डोळ्याची लांबी मोजून लेन्सचा नंबर काढायची सोयच तेव्हा नव्हती. रिडलींना पुढे कित्येक वर्षं सहव्यवसायिकांचा विरोध सोसावा लागला. ‘सर’ किताब मिळाला तो २०००मध्ये. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

वेळ होत आलीय, पण एक तक्रार मांडतोच. गेल्या वर्षी एक जीपचालक आले. रात्री घाटातून प्रवासी नेतात. एका दवाखान्यात त्यांना दरपत्रक दाखवलं आणि सगळ्यात महागडी मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स बसवली. माझ्यासमोर त्यांनी बिनचष्म्याने सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, “हे जमतं हो डॉक्टर, पण रात्री समोरच्या दिव्याभोवती चक्रं दिसतात.” ही लेन्स आलेला प्रकाश जवळच्या आणि लांबच्या अंतरासाठी वाटून देते, त्यात वलयं येतात, अंधुक उजेडात धार कमी होते. तुम्ही रात्री काय करता, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! याची मला चीड आहे.

आता लेन्सचे प्रकार भराभर. मोनोफोकल एका अंतराची. बहुतेक जण लांबचं नीट घेतात आणि वाचायला चष्मा लावतात. रात्रीच्या गाडीला हीच बरी. सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर, जास्त असेल तर तो भरून काढणारी टॉरिक. ईडॉफ, म्हणजे स्पष्ट दिसण्याचा टप्पा लांबवणारी लेन्स, तिच्यात लांबचं आणि संगणकाचं जमतं, बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. डोळ्याच्या आतला मागचा पडदा खराब असेल तर मल्टिफोकलच्या वाटेला सहसा जाऊ नये. कडक लेन्सला साडेपाच-सहा मिलिमीटरचा छेद लागतो, घडी करून आत सोडायच्या लेन्सला अडीचच्या आसपास. आणि स्वस्त म्हणजे हलकी नव्हे. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२पासून लेन्स इथेच बनवून त्या गरिबाच्या आवाक्यात आणल्या. पुढे लेन्सच्या मागची नैसर्गिक पातळ पिशवी धुरकट झाली तर घाबरू नका, लेझरने मिनिटांत साफ होते.

त्या चालकांचा दुसरा डोळा अजून व्हायचाय. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते कागदावर लिहून आणा, असं मी त्यांना सांगितलंय. डोळ्याचं माप त्यानंतर घेऊ.