वळिवड्याची मराठी बाजू

मित्रहो,

१८४० च्या डिसेंबर महिन्यात पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये एक पोलिश कवी स्लाव्ह साहित्यावर बोलायला उभा राहिला. त्याचं नाव अदाम मित्सक्येविच. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत तो आपसात वाटून घेतला होता, आणि तो पुन्हा उभा राहिला थेट १९१८ साली. म्हणजे सव्वाशे वर्षं या लोकांकडे राज्य नव्हतं. भाषा होती, कविता होती आणि परदेशात पसरलेली माणसं होती. पोलिश साहित्याचा पोलंडबाहेर झालेला अभ्यास समजून घ्यायचा तर ही पार्श्वभूमी आधी लक्षात घ्यावी लागते. परमुलुखात गेलेल्या माणसांनी आपली भाषा जिवंत ठेवणं हा त्या अभ्यासाचा पहिल्यापासूनचा विषय आहे.

आज हा अभ्यास चांगला फोफावला आहे. बीजिंगमध्ये १९५४ पासून पोलिश शिकवली जाते, सोलमध्ये १९८७ पासून, टोकियोत १९९१ पासून. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकता येते. १९९८ साली वॉर्सात परदेशातल्या पोलिश अभ्यासकांचं मोठं संमेलन भरलं. तेव्हापासून दर काही वर्षांनी ही मंडळी पोलंडमधल्या कुठल्या ना कुठल्या शहरात जमतात. २०१६ साली ती कातोवित्सेला जमली. तिथे कवितेवर, व्याकरणावर, भाषा शिकवण्याच्या पद्धतींवर, स्थलांतरितांच्या साहित्यावर निबंध वाचले जातात. अशा परिषदेत महाराष्ट्राने काय घेऊन जावं, हा माझा आजचा प्रश्न आहे. माझ्या मते आपल्याकडे न्यायला पुष्कळ आहे. फक्त ते अजून गाठोड्यातून बाहेर काढलेलं नाही.

आता कोल्हापूरजवळच्या वळिवड्याकडे वळतो. तिथल्या पोलिश छावणीची गोष्ट मात्र पोलंडमध्येच सुरू होते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोविएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४० आणि १९४१ मध्ये तिथल्या लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा जुलै १९४१ मध्ये लंडनमध्ये आश्रयाला गेलेलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. या लोकांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. १९४२ मध्ये त्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पोटात अन्न नाही, अंगात ताप, सोबत कोण उरलं आणि वाटेत कोण गेलं याचा हिशोब नाही, अशी ती माणसं होती. तिथून त्यांना आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये आणि भारतात पाठवण्यात आलं.

आजच्या गुजरातमधल्या नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी इथे पोलिश मुलांना आसरा दिला, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचा चौक वॉर्सात आहे. पण संख्येने कितीतरी मोठी छावणी आपल्या वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं. लांबच लांब बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, रंगमंच, स्काउटांची पथकं, असं ते एक गावच होतं. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथली मुलंही १९४६ मध्ये इथेच आली. युद्ध संपल्यावर यांतल्या बहुतेकांना परत जायला घर उरलं नव्हतं. त्यांची गावं सोविएत हद्दीत गेली होती, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली होती. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला. काही जणी लग्न करून कोल्हापुरातच राहिल्या.

पुढे त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आजचं गांधीनगर ते हेच. कापड खरेदीला तिथे जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल? एकाच जमिनीने पाच वर्षांच्या आत दोन उजाडलेले समाज पोटाशी धरले, आणि यावर मराठीत भरपूर लिहून यायला हवं होतं.

इथेच माझं खरं दुखणं आहे. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये भारतातल्या पोलिश लोकांची संघटना काढली, आठवणी लिहिल्या, छायाचित्रं जपली, कागदपत्रं छापली. त्यांनी आपलं काम चोख केलं. त्या आठवणींत आपले लोक जागोजागी दिसतात: भाजीवाला, धोबी, टांगेवाला, दुकानदार. पण ते दिसतात ते एका परक्या मुलाच्या डोळ्यांतून. त्या भाजीवाल्याला काय वाटलं? गोऱ्या कातडीची माणसं म्हणजे साहेब, हे ज्याने जन्मभर पाहिलं, त्याने दारिद्र्यात राहणारी, रांगेत उभी राहणारी, रडणारी गोरी माणसं पाहिली तेव्हा त्याच्या मनातली साहेबाची प्रतिमा हलली का? १९४२ च्या चळवळीचा वणवा सातारा-सांगली भागात अजून धुमसत होता, तेव्हा स्वातंत्र्य मागणारी आणि देश गमावलेली माणसं एकमेकांशी काय बोलली असतील? पोलिश अभ्यासकांच्या कुठल्याही परिषदेत हे प्रश्न मोलाचे ठरतील, आणि त्यांची उत्तरं शोधायची तर मराठी यावी लागते.

संस्कृतीची देवाणघेवाण म्हटलं की आपल्याला नृत्य, खाद्यपदार्थ आणि स्मारकांची उद्घाटनं आठवतात. स्मारकं हवीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ आहे, वॉर्सात २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण देवाणघेवाण खरी कशी असते, ते मी एका माणसाचं उदाहरण देऊन सांगतो.

मॉरिस फ्रिडमन. वॉर्सात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा इंजिनिअर बंगळूरला कारखाना चालवायला आला आणि गांधीजींच्या विचारांकडे ओढला गेला. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी प्रजेच्या हाती सत्ता सोपवायचं ठरवलं, तेव्हा त्या घटनेच्या आखणीत फ्रिडमन यांचा मोठा वाटा होता. २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना जाहीर झाली. इंग्रजांचं राज्य असताना, बहात्तर गावांच्या एका छोट्या संस्थानात ग्रामपंचायतींवर उभारलेलं स्वराज्य! आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागेही फ्रिडमनच होते. आणि हेच फ्रिडमन उतारवयात मुंबईच्या खेतवाडीत अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराजांसमोर बसून त्यांचे मराठीतले संवाद टेपवर घेत होते. ते इंग्रजीत आणून त्यांनी १९७३ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवले. गिरगावात विडीचं दुकान चालवणाऱ्या या महाराजांचं मराठी बोलणं आज युरोप-अमेरिकेत वाचलं जातं, ते या पोलिश माणसामुळे.

त्यांच्यासोबत वांदा दिनोव्स्का होत्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी म्हटलं. या दोघांनी १९४४ मध्ये मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. उमादेवींनी गीता पोलिशमध्ये नेली, आणि म्हातारपणी तिबेटी निर्वासित मुलांसाठी स्वतःला वाहून घेतलं. छावणीत निर्वासित पोलिश मुलं वाढत होती आणि त्याच वर्षांत एक पोलिश बाई मद्रासला बसून पोलिश पुस्तकं छापत होती. या दोन गोष्टी मी एकत्र ठेवून पाहतो, तेव्हा दक्षिण भारत हा पोलिश साहित्याच्या इतिहासाचाच एक भाग वाटू लागतो.

क्राकूवच्या यागेलोनियन विद्यापीठात संस्कृतचं अध्यापन १८९३ पासून आहे. वॉर्सात स्तानिस्वाव शायेर यांनी १९३२ मध्ये प्राच्यविद्या संस्था उभी केली. म्हणजे तिकडून आपल्याकडे पाहणारे डोळे शंभर वर्षांहून जास्त काळ उघडे आहेत. आपण मात्र पोलिश कवयित्री शिंबोर्स्का वाचतो ती बहुतेक इंग्रजीवरून आलेली.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. आपल्या विद्यापीठांनी दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांना पोलिश शिकायला पाठवावं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणि भाषाशिक्षकांसाठी पोलंडने २०१७ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी केली आहे, तिच्याशी करार करावा. कोल्हापूरच्या पुरालेखागारात आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत छावणीविषयी जे काही सापडेल त्याची सूची करावी, लंडनच्या सिकोर्स्की या पोलिश संग्रहालयातल्या कागदांशी ती ताडून पाहावी. आणि यातलं कुठलंही काम थांबलं तरी चालेल, पण एक थांबवू नका: वळिवडे, गडमुडशिंगी, उचगाव, रुकडी या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीत आहे. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. सुरुवात या महिन्यात करता येईल, आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावं द्यावीत.