गूळ, चिपाड आणि भाकरी

(दृश्य: कराड तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. घाण्यातून रस पडतोय, मागे चुलवाणाचा धूर.)

दिवाळी उलटली की कृष्णा-कोयनेच्या काठची गुऱ्हाळं पेटतात. अशा एकाच आवारात तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. काहिलीत उकळणारा रस, खाली जळणारं चिपाड आणि गुळव्याच्या फडक्यातली शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी. एक गोड, एक जळणाचं, एक पोटाचं. रसायनशास्त्र मात्र तिन्हींकडे कर्बोदकं म्हणूनच बघतं. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच त्यांचं भांडवल. त्यातही हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण बहुतेक वेळा पाण्यातल्यासारखंच, दोनास एक.

तिन्हींमध्ये ग्लुकोज आहे. ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. पाण्यात हा रेणू सहसा सरळ राहत नाही, वळून स्वतःचंच कडं करतो. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन कड्यात, सहावा कार्बन बाहेर. कडं मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एका बाजूला राहिला तर अल्फा ग्लुकोज, दुसऱ्या बाजूला राहिला तर बीटा. फरक इतकाच. पण तो लक्षात असू द्या, चिपाडापाशी लागणार आहे.

या अणूंची अवकाशातली मांडणी जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये उलगडली. रेणू डोळ्यांनी दिसायची सोय नव्हती. एकेक अभिक्रिया करून, निकालांचा ताळा लावून त्यांनी ती ठरवली. १९०२ चं नोबेल त्यांना शर्करा आणि प्युरिन नावाच्या नायट्रोजनयुक्त संयुगांवरच्या कामासाठी मिळालं.

(दृश्य: तासगावची द्राक्षबाग, मग पुन्हा काहिल.)

तासगावच्या द्राक्षांत ग्लुकोज आहे आणि जवळपास तितकंच फ्रुक्टोज. दोघांचं सूत्र एकच, अणूंची जोडणी वेगळी. अशा सुट्या साखरा म्हणजे एकशर्करा. ऊस मात्र या दोघांना बांधून ठेवतो. बांधताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तयार होते द्विशर्करा, म्हणजे सुक्रोज. आपली नेहमीची साखर ती हीच.

गुळव्याचं सगळं कसब हा बंध टिकवण्यात आहे. उसाचा रस मुळात किंचित आंबट. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज पाणी घेऊन फुटतं, पुन्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. सुटे झाले की दाणा धरत नाही, ढेप मऊ पडते, पावसाळ्यात पाझरते. म्हणून रसात चुन्याची निवळी घालून आंबटपणा मोडतात. ऊस तोडला की लगेच गाळायची घाईही त्याचसाठी, कारण तोडलेल्या उसात विकरं (एन्झाइम) हेच फोडण्याचं काम आगीशिवाय करत राहतात. शिळ्या उसाला गूळ बसत नाही, हे गुळव्याला कुणी प्रयोगशाळेतून येऊन सांगावं लागलं नाही.

रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रसही घालतात. तो गाळ धरून वर आणतो आणि मळी काढून टाकता येते. गंमत म्हणजे तो चिकटपणाही कर्बोदकांचाच, साखरेच्या लांब साखळ्यांचा. साखरेनंच साखर स्वच्छ होते म्हणा ना.

काकवी बाटलीत भरून विकणारे बरोबर उलटं करतात. ते त्यात थोडं लिंबूसत्त्व टाकतात. थोडं सुक्रोज मुद्दाम फुटू देतात, म्हणजे तळाशी खडे धरत नाहीत. जी गोष्ट ढेपेला मारक, तीच काकवीला तारक.

(दृश्य: चिपाडाचा ढीग. बाजूला वाढं खाणारे बैल.)

आता चिपाड. रस निघून गेला, गोडी गेली, तरी त्यात ग्लुकोज भरपूर आहे. ते बांधलंय सेल्युलोजच्या साखळीत. इथे बीटा ग्लुकोज एकाला एक जोडलं जातं, प्रत्येक कडं शेजारच्याच्या उलट तोंडानं. त्यामुळे साखळी सरळसोट होते. अशा साखळ्या शेजारी शेजारी बसतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात आणि दोरा तयार होतो. पाण्यात तो विरघळत नाही. हा बीटा बंध तोडणारं विकर माणसाकडे नाही. बैलाकडेही नाही, पण त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. म्हणून उसाचं वाढं त्याला चालतं. आपल्याला तेच तंतुमय पदार्थ म्हणून पोट साफ ठेवण्यापुरतं.

(दृश्य: चुलीवर भाकरी थापणारे हात.)

भाकरीत अल्फा ग्लुकोज. बंध थोडासाच वेगळा, पण साखळी सरळ न जाता गोल जिन्यासारखी वळत जाते. हा झाला स्टार्च. त्यात बिनफांद्यांचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन असे दोन भाग. आयोडीनचा थेंब टाकला की तो अमायलोजच्या वळणात जाऊन बसतो आणि निळाजांभळा रंग येतो. शाळेत केलेलं आठवत असेल.

शाळवाच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं. म्हणून पीठ कडकडीत पाण्यानं मळायचं. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि भाकरी थापताना तुटत नाही. गार झाली की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात. शिळी भाकरी कडक होण्याचं हे एक मोठं कारण.

खाल्लेली भाकरी फोडून मिळालेल्या ग्लुकोजचा काही भाग शरीर परत साखळीत बांधतं. ते ग्लायकोजन, फांद्या अमायलोपेक्टिनपेक्षा दाट, साठा यकृतात आणि स्नायूंत.

(दृश्य: साताऱ्यातलं पेढ्याचं दुकान. खवा भाजला जातोय.)

साताऱ्यात येऊन कंदी पेढा सोडून कसं चालेल? खव्यात दुधाची साखर असते, लॅक्टोज. तीही द्विशर्करा, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची. सुक्रोजमध्ये दोन्ही साखरांची क्रियाशील टोकं बंधातच अडकलेली असतात. लॅक्टोजमध्ये ग्लुकोजचं टोक मोकळं राहतं. खवा भाजताना हे टोक दुधातल्या प्रथिनांशी जुळतं आणि तपकिरी रंग, खरपूस वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी ही क्रिया १९१२ मध्ये मांडली. कढईपाशी बसलेला कारागीर मात्र रंग आणि वास बघूनच आंच कमी करतो.

लॅक्टोज फोडायला लॅक्टेज हे विकर लागतं. लहान बाळांकडे ते भरपूर असतं, मोठेपणी अनेकांमध्ये कमी होतं. मग दूध प्यायलं की पोट गुबारतं. अशांपैकी बऱ्याच जणांना दही सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्यातलं काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं.