बाउल फीडर घेताय? आधी पार्ट बघा!

नमस्कार मंडळी! भोसरी असो, चाकण असो की वाळूज, असेंब्ली ऑटोमॅटिक करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाउल फीडर केवढ्याला पडेल?" बाउल फीडर म्हणजे थरथरणारं वाडगं, जे सुटे पार्ट सरळ करून रांगेत मशीनला पुरवतं. किंमत नंतर विचारा. आधी आपला पार्ट हातात घेऊन नीट बघा.

हा बघा, एम 6 चा, म्हणजे 6 मिमी आट्यांचा बोल्ट. डोकं मोठं, दांडा बारीक. बाउल थरथरतो तसे बोल्ट कडेच्या ट्रॅकवरून वर चढतात. पुढे ट्रॅकला फट आली की दांडा खाली लोंबतो, बोल्ट डोक्यावर तोलला जातो आणि रांगेत पुढे सरकतो. आडवातिडवा आलेला परत बाउलमध्ये पडतो. अशा पार्टला बाउल फीडरच घ्या, डोळे झाकून.

आणि ही स्प्रिंग, टोकं उघडी. हिला बाउलमध्ये टाकलं तर थरथरून सगळ्या एकमेकींत गुंततील. हिला गुंता सोडवणारा वेगळा फीडर लागतो. क्रोमचा पार्ट असेल तर बाउलला आतून पॉलियुरेथेनचं अस्तर मागा; ओरखडे वाचतात, आवाजही कमी होतो. मॉडेल सारखं बदलत असेल तर कॅमेरावाला फ्लेक्सिबल फीडर बघा. महाग आहे, पण दर मॉडेलला नवं टूलिंग, म्हणजे त्या पार्टच्या आकाराचा ट्रॅक, करावं लागत नाही.

आता स्पीड. सायकल टाइम, म्हणजे एका असेंब्लीला लागणारा वेळ, 3 सेकंद असेल तर मिनिटाला 20 पार्ट. फीडर मात्र 24-25 चा घ्या, म्हणजे ट्रॅकवर कायम थोडा साठा राहतो.

अमेरिकेतून जुना फीडर स्वस्तात मिळतोय? जरा थांबा! तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. बाउल हलवणारी कॉइल विजेच्या एका सायकलमध्ये दोनदा खेचते, म्हणजे तिथे सेकंदाला 120 झटके, इथे 100. बाउलखालच्या पट्टीच्या स्प्रिंगा 120 ला जुळवलेल्या असतील तर इथे बाउल नुसता गुरगुरेल, पार्ट धड चढणार नाहीत. मग एक तर स्प्रिंगा नव्याने जुळवा, नाहीतर फ्रिक्वेन्सी बदलता येणारा कंट्रोलर लावा.

आणि कृपा करून सप्लायरला धुवून-पुसून निवडलेले पार्ट पाठवू नका! तेल लागलेले, बर (कडेला राहिलेली धातूची धारदार कुसळं) असलेले, दोन-तीन लॉटमधले पाठवा. ट्रायल त्याच मालावर, सलग काही तास, आणि मिनिटाला किती पार्ट सरळ बाहेर आले पाहिजेत तो आकडा पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहून घ्या.